काँक्रीटचा माणूस, भाग दुसरा

तुझ्या तोंडाला मी मेंदी फासली, हनिफ, आणि वर सांगितलं की धुतली की जाते.

मराठी मंडळाच्या अंकाचे संपादक म्हणाले, मित्रावर लिहा, जन्म, शिक्षण, नोकरी, कुटुंब असं थोडक्यात. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की तुझी जन्मतारीख मला माहीत नाही. शिकलास किती, तेही नाही. उंची माहीत आहे, सहा फूट दोन इंच. छातीचं मापही माहीत आहे, कारण तुझा तो गोणपाटाचा कोट मीच दुबईच्या मीना बझारमध्ये शिवून घेतला होता आणि शिंप्याने दोनदा विचारलं होतं, "साब, ये सोफे का कव्हर है क्या?" तेव्हा बाकीची माहिती अंकाला दुसऱ्या कुणीतरी द्यावी. मी आपला तुझ्याशी बोलतो.

आपली ओळखसुद्धा माझ्या आचरटपणातूनच झाली. बर दुबईहून खाडी ओलांडणाऱ्या अब्रात, म्हणजे लाकडी होडीत, बसलो होतो. शेजारून मराठी ऐकू आलं. कुणाला तरी फोनवर झापणं चाललं होतं, "फणस पाठवू नको म्हणून सांगितलं होतं ना? एअरपोर्टवरचे लोक बॉम्ब असल्यासारखे बघतात त्याच्याकडे." मी वर पाहिलं. वर म्हणजे खरोखरच वर. त्या दिवसांत मी मंडळाच्या गणपतीसाठी वीस मिनिटांचा सिनेमा काढत होतो. टॉवरच्या पायात गाडला गेलेला एक माणूस काँक्रीट फोडून उठतो आणि बिल्डरला शोधत फिरतो, अशी गोष्ट. नाव 'काँक्रीटचा माणूस'. लेखक, दिग्दर्शक, कॅमेरामन आणि बिल्डर मीच. राक्षस मात्र मिळत नव्हता. मंडळात सगळे अकाउंट्स आणि आयटीवाले, पाच फूट सहाच्या वर कुणी नाही, आणि रागावले तरी ईमेल करणारे. मी तुझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हटलं, "नमस्कार. राक्षस व्हाल का?"

तू फोन खाली घेतलास. "कधीपासून?" एवढंच विचारलंस.

तो पहिला भाग शाळेच्या हॉलमध्ये दाखवला तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं ओरडत आयांच्या मांडीत घुसली. माझ्या आयुष्यातलं ते एकमेव निर्विवाद यश. संपल्यावर तू त्याच कोटात आरतीला उभा राहिलास आणि मोदकासाठी हात पुढे केलास, तर वाढणाऱ्या वहिनींच्या हातातलं ताटच पडलं. नंतर तीच पोरं तुझ्या पाठीमागे फिरत होती. माझ्या मुलीने, ईराने, तुझा हात धरला आणि मला म्हणाली, "बाबा, ही इज नॉट स्केअरी. ही इज जस्ट टॉल." तू हसलास. मला जरा राग आला होता. एवढा मेकअप केला होता.

मग मंदीचं ते वर्ष आलं. माझ्या ऑफिसात सोमवारी जो माणूस शेजारी बसायचा तो गुरुवारी नसायचा. त्याचं टेबल स्वच्छ, फक्त स्टेपलर मागे राहिलेला. मी क्वांटिटी सर्व्हेअर. इमारतीला सिमेंट किती, सळई किती लागेल ते मोजायचं माझं काम, आणि इमारतीच थांबल्या होत्या. मला काढलं नाही, पगार कापला. माझ्या बायकोने, वीणाने, आणि मी ठरवलं की तिने आणि ईराने पुण्याला जावं, शाळेची फी तरी वाचेल. दोघी गेल्या आणि अल बर्शातला तो दोन बेडरूमचा फ्लॅट एकदम गोदामासारखा वाटायला लागला. फ्रिज सुरू झाला की मी दचकायचो. भीतीचा सिनेमा काढणारा माणूस फ्रिजला घाबरतो, हे मी कुणाला सांगितलं नाही. तुलाच सांगितलं.

तुझी बायको-मुलं तर कायमच रत्नागिरीकडे. तुला एकटेपणाची सवय होती असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की तू जबल अलीच्या लेबर कॅम्पवरून बस बदलत माझ्याकडे यायचास, हातात सुरमईची पिशवी. मी पुण्याचा, मासे म्हणजे चित्रात बघणारा. तू न विचारता ओटा ताब्यात घेतलास. पहिल्यांदा काट्यासकट घास गिळला तेव्हा तू माझ्या पाठीत असा दणका घातलास की काटा गेला आणि चष्मा पण गेला. त्या घरात त्या दिवसांत आठवड्यातून एकदा फोडणीचा आवाज यायचा, तो तुझ्यामुळे. हे मी तुला कधी म्हटलं नाही. तुझ्या कालवणात मीठ जास्त असतं, हे मात्र तीन-चारदा म्हटलं.

दुसरा भाग काढायची कल्पना तुझी. मी म्हटलं, "अरे, तो मेला ना शेवटी? परत काँक्रीटमध्ये गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"मेला कुठे? सुट्टीवर गेला होता. आता परत आला, तर साईट बंद."

आणि तिथेच आपलं भांडण सुरू झालं. तुझं म्हणणं, राक्षस येतो, अर्धवट टॉवरमध्ये मजल्यामागून मजले फिरतो, पण घाबरायला माणूसच नाही. बिल्डर पळालेला, मजूर घरी पाठवलेले. शेवटी तो खाली उतरतो आणि कंपनीच्या बसच्या रांगेत जाऊन उभा राहतो. रांगेतली माणसं एवढी दमलेली असतात की त्याच्याकडे कुणी बघत नाही. बस येते, तो चढतो, संपलं.

"यात भीती कुठे आहे?" मी विचारलं.

"मग काय सांगतोय मी?" तू म्हणालास.

मला शेवटी दहाव्या मजल्यावरून पडणारा राक्षस हवा होता. त्यासाठी मी कापसाचा पुतळासुद्धा भरला होता, बेडरूमच्या दोन उशा फाडून. वीणाला अजून माहीत नाही.

अर्धवट इमारत शोधायला त्या वर्षी दुबईत काही कष्ट पडत नव्हते. आमच्याच एका थांबलेल्या साईटचा वॉचमन, पेशावरचा एक म्हातारा खान, त्याने आत सोडलं. मी त्याला घाईघाईने समजावलं की भुताचा सिनेमा आहे, घाबरू नका. तो म्हणाला, "भूत का इधर क्या काम है साब? इधर तो आदमी ही नहीं है." तू माझ्याकडे असं पाहिलंस की बघ, यालासुद्धा कळतंय.

आता मेंदीकडे येतो. टाळत होतो.

सिनेमा कृष्णधवल करायचा, हे पहिल्या भागापासूनच ठरलेलं. कारण उदात्त नव्हतं. माझा हँडीकॅम रंगीत काढला की तू राक्षस न दिसता गोणपाट घातलेला हनिफ दिसायचास. काळ्यापांढऱ्यात तोच गोणपाट दगड वाटायचा, घाम ओल वाटायचा, आणि माझं अज्ञान शैली वाटायचं. कुठेतरी वाचलेलं होतं की जुन्या कृष्णधवल सिनेमांत राक्षसाचं तोंड हिरवं रंगवत, म्हणजे पडद्यावर ते मेल्यासारखं करडं उमटे. पहिल्या भागात मेकअपचा डबा आणला होता, एकशे दहा दिरहम, म्हणजे चौदाशे रुपये. पगारकपातीत ते परवडेना. मीना बझारमध्ये एका दुकानाबाहेर मेंदीच्या पुड्यांचा ढीग दिसला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिरवी आहे. वाळली की तिला भेगा पडतात, अगदी सिमेंटसारख्या. पाच दिरहमला पुडा. मला वाटलं, शंभर वर्षांत हे कुणालाच कसं सुचलं नाही! सुचलं नाही कारण बाकीच्यांना मेंदी म्हणजे काय ते माहीत होतं.

"रंग नाही ना राहणार?" तू विचारलंस. "उद्या दहा वाजता नव्या साहेबाने बोलावलंय. आम्ही चार सुपरवायझर. त्यातले दोन ठेवणार."

"अरे, रंग चढायला रात्रभर ठेवावी लागते. आपण तासाभरात धुणार. धुतली की जाते."

मी हे ज्या आत्मविश्वासाने म्हणालो, त्या आत्मविश्वासाने मी ऑफिसात एकदाही बोललेलो नाही. दाढी तू सिनेमासाठी काढलीच होतीस. मी थापीसारखा चमचा घेऊन तुझं कपाळ, गाल, मान सगळं लिंपून काढलं. मग तू बोलायचं बंद केलंस, कारण बोललास की भेगा नको तिथे पडत. हाताने खुणा करायचास. त्या टेपवर अजून ऐकू येतं, अख्ख्या दुपारभर आवाज फक्त माझा आहे. चाल. थांब. बघ तिकडे. असं नाही रे. परत.

तास कसला, तीन तास झाले. एप्रिलचं ऊन. मेंदी सुकून गळायला लागली, एका शॉटमध्ये उजवा गाल आहे आणि पुढच्यात नाही. तेव्हा मला दुसरी अक्कल सुचली. मेव्हणीच्या लग्नात वीणा हातावरच्या सुकलेल्या मेंदीला कापसाने लिंबू-साखरेचं पाणी लावत होती, ती गळू नये म्हणून, हे मला आठवलं. मी खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, लिंबं आणि साखर आणली आणि दर वीस मिनिटांनी तुझ्या तोंडाला पाणी लावत राहिलो. इतक्या मायेने मी ईराच्या तोंडावरूनही हात फिरवला नसेल.

आणि शॉट काय आले होते, हनिफ! आठव्या मजल्यावर, भिंती नसलेल्या खोलीत, तू कठड्याशी उभा आहेस आणि मागे थांबलेल्या क्रेन. तुझ्या गालावरची भेग कॅमेऱ्याला दिसेल अशी हळूहळू रुंद होते. तू काहीच करत नाहीस. मी ओरडतोय की हात वर कर, गुरगुर. तू नुसता लांब, समुद्राच्या बाजूला बघतोस. तेव्हा चिडलो होतो. परवा तो शॉट पुन्हा पाहिला. तू बरोबर होतास. त्या राक्षसाला गुरगुरण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

संध्याकाळी माझ्या बाथरूममध्ये तू तोंड धुतलंस. हिरवा चिखल गेला आणि खालून केशरी हनिफ निघाला. एकसारखा केशरीही नाही. जिथे भेगा होत्या तिथे गोऱ्या रेघा, म्हणजे वाळलेलं तळं असतं ना, तसं. मी साबण दिला, मग भांड्यांचा साबण, मग टूथपेस्ट, मग खोबरेल. रंग आणखी खुलला. त्याच वेळी कॉम्प्युटरवर पुण्याहून कॉल आला. ईरा आधी आली. "बाबा, व्हाय इज हनिफअंकल ऑरेंज?" मागून वीणा. मी सगळं सांगितलं, लिंबू-साखरेसकट, कारण त्याचा मला अभिमानच होता.

वीणाने स्क्रीनजवळ येऊन तुझं तोंड नीट पाहिलं. मग म्हणाली, "अहो, लिंबू-साखर रंग चढावा म्हणूनच लावतात. आणि हा आत्ताचा काहीच नाही. उद्या सकाळी खरा चढेल."

तू आरशात पाहत होतास. मला वाटलं, आता उचलून गॅलरीतून टाकणार. तू म्हणालास, "आमच्यात म्हातारे दाढीला लावतात. तू अख्खा माणूसच रंगवलास." आणि इतका हसलास की वरच्या मजल्यावरच्यांनी फरशी ठोकली. मीही हसलो. मला सुटल्यासारखं झालं होतं.

ही गोष्ट मी आत्तापर्यंत पन्नासेक वेळा सांगितली असेल. मंडळात, ऑफिसच्या पार्टीत, एकदा तर डेंटिस्टच्या खुर्चीत. वीणाचं वाक्य आलं की लोक हसून लोळतात. प्रत्येक वेळी मी ती शुक्रवारी संध्याकाळी संपवली.

शनिवारी दुपारी तुझा फोन आला. "खलास," तू म्हणालास. "दोन ठेवले. त्यात मी नाही." मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मलाही आठवतं, म्हणून तर इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. मी म्हणालो, "म्हणजे आता फक्त शुक्रवार नाही, रोज शूटिंग करता येईल."

तू हसलास. थोडंसं. मग म्हणालास, "व्हिसा महिनाभर आहे. बघू. इन्शाल्ला."

त्या महिन्यात शूटिंग झालं नाही. तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत बायोडेटा घेऊन फिरायचास आणि मी मोजायला काही नसलेल्या ऑफिसात बसायचो. शुक्रवारी तू आलास, मासे केलेस, आपण सिनेमाच्या शेवटावर भांडलो. रांग की दहावा मजला. नोकरीविषयी मी एक अक्षर काढलं नाही. मनात म्हणायचो, मंदी आहे, हजारो लोकांच्या जातायत, तोंडाचा काय संबंध? आणि तू ताट धुवायला वळलास की तुझ्या कानामागची केशरी रेघ दिसायची.

विमानतळावर तुला सोडायला आलो तेव्हाही ती रेघ फिकट का होईना, होती. तू मिठी मारलीस, माझी हनुवटी तुझ्या बरगडीत. म्हणालास, "डायरेक्टरसाहेब, रांगेचा शेवट कर. माझ्याशिवाय केलास तरी चालेल. रांगेत कुणीही उभा राहतो." मी म्हटलं, दहावा मजलाच करणार. आपलं शेवटचं समोरासमोरचं बोलणं हे असं. दोन प्रौढ माणसं, डिपार्चरच्या दारात, गोणपाटातल्या राक्षसाचं पुढे काय व्हावं यावर.

मी दोन्ही केलं नाही. पुतळा अजून माळ्यावर आहे. त्याच्यात आमच्या दोन उशा आहेत एवढं वीणाला हा अंक वाचून कळेल.

नंतर आपण फोनवर राहिलो. दर शुक्रवारी, तुझी नमाज झाली की. बारा वर्षं. मी तुला माझे सगळे गाढवपणे सांगायचो. मेट्रो सुरू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी उलट्या दिशेला बसलो ते. वीणा आणि ईरा परत आल्या तेव्हा एअरपोर्टवर चुकीच्या टर्मिनलला हार घेऊन उभा होतो ते. तू हसायचास. तुझं हसू ऐकायला मी आठवडाभर गाढवपणा साठवायचो, कमी पडला तर करायचो. तू टेम्पो घेतलास, बंदरावर बर्फ पोचवतोस, एवढं मधून मधून कळलं.

आता ईरा टोरांटोला आहे आणि वीणा आईच्या आजारपणासाठी पुण्यात. फ्लॅट पुन्हा तसाच गोदाम झालाय. फ्रिज नवा आहे, आवाज करत नाही. परवा तुझ्या पुतण्याचा मेसेज आला, दोन ओळींचा. मी तो वाचला, फोन उलटा ठेवला, आणि थोड्या वेळाने बघतो तर ओट्यापाशी उभा राहून कांदा चिरत होतो. कशासाठी, ते माहीत नाही. घरात मासे नव्हते.

तुझी माफी मागायची होती असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. मला आधी हे हवं होतं की तू म्हणावंस, वेडा आहेस का, तोंडाचा काही संबंध नव्हता. मी त्या वाक्याची बारा वर्षं वाट पाहिली. आता ते तुझ्याकडून येणार नव्हतं. म्हणून आज शुक्रवारी, आपल्या वेळेला, तुझ्याच नंबरवर फोन लावला. भाभींनी उचलला. मी जे म्हणायचं असतं ते म्हटलं, अडखळत. मग थांबलो, आणि विचारलं.

"भाभी, त्याची इथली नोकरी... ती त्या मेंदीमुळे गेली का?"

"हो," भाभी म्हणाल्या.

मला वाटलं, पुढे एखादा 'पण' येईल. आला नाही.

"साहेब नवा होता. म्हणाला, हे तोंडाला काय? ह्यांनी खरं ते सांगितलं, पिक्चरचं आहे. तो म्हणाला, इथे कंपनी बुडतेय आणि तू पिक्चर करतोस? चौघांत पहिलं नाव ह्यांचं काढलं. मी दोन वर्षं तुम्हाला रोज शिव्या घालत होते. हे मला गप्प करायचे."

"मला तो कधीच काही बोलला नाही," मी म्हटलं. ते मी कसं म्हटलं कोण जाणे, जसा काही तूच गुन्हेगार.

"कधी बोलणार होते? दर शुक्रवारी तुमचा फोन आला की हे स्पीकर लावायचे. आम्ही सगळी बसून ऐकायचो. हसून पोट दुखायचं, खोटं कशाला बोलू. पण तासभर बोलणार तुम्ही, आणि फोन ठेवणार पण तुम्ही." भाभींनी आत कुणाला तरी 'आले' म्हणून सांगितलं आणि पुन्हा फोनवर आल्या. "बारा वर्षांत कधी गप्प बसलात का प्रमोदभाई, त्यांना बोलू द्यायला?"